वेब ॲप्लिकेशनचे पॅकेजिंग

वेब ॲप्लिकेशनचे पॅकेजिंग म्हणजे एखादे वेब ॲप्लिकेशन चालण्यासाठी लागणारी आज्ञावली, तिच्या लायब्रऱ्या, संगणकभाषेचा रनटाइम आणि इतर पूरक फाइली एकाच गठ्ठ्यात बांधून, तो गठ्ठा कोणत्याही सर्व्हरवर जसाच्या तसा चालवता येईल अशा स्वरूपात तयार करणे होय. असा गठ्ठा सर्व्हरवर बसवून सुरू करण्याच्या कामाला डिप्लॉयमेंट म्हणतात. गठ्ठा एकदा नीट बांधला की एका सर्व्हरवर आणि हजार सर्व्हरवर तो बसवण्याची कृती सारखीच राहते. २०१३ नंतर या कामासाठी कंटेनर इमेज हे स्वरूप सर्वाधिक रूढ झाले आहे. जावामधील वॉर फाइल, लिनक्स वितरणांची डेब व आरपीएम पॅकेजे आणि आभासी यंत्रांच्या इमेज ही त्याआधीची रूपे असून ती आजही वापरात आहेत.

पॅकेज या शब्दामुळे केवळ प्रोग्राम गुंडाळला जातो असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात बांधायचा असतो तो मुख्यतः प्रोग्रामचा परिसर. विकासकाने स्वतः लिहिलेली आज्ञावली बहुधा थोड्याच मेगाबाइटची असते. ती ज्यांवर उभी असते त्या लायब्रऱ्या, रनटाइम आणि संचालन प्रणालीच्या फाइली मिळून शेकडो मेगाबाइट होतात. डिप्लॉयमेंटच्या अडचणी बहुतांशी या दुसऱ्या भागातून येतात.

समस्येचे स्वरूप

वेबच्या आरंभीच्या काळात एका संकेतस्थळासाठी बहुधा एकच सर्व्हर असे. विकासक आपल्या संगणकावर बदल करी आणि एफटीपीद्वारे बदललेल्या फाइली सर्व्हरवर चढवी. पीएचपीमध्ये लिहिलेली असंख्य संकेतस्थळे अशीच चालली आणि लहान संकेतस्थळांसाठी ही पद्धत अजूनही पुरेशी ठरते. वापरकर्ते वाढल्यावर मात्र एकच ॲप्लिकेशन अनेक सर्व्हरवर चालवून येणाऱ्या विनंत्या त्यांच्यात वाटून द्याव्या लागतात. हे वाटपाचे काम लोड बॅलन्सर करतो. वापरकर्त्याची कोणती विनंती कोणत्या सर्व्हरकडे जाईल हे आधी ठरलेले नसते, म्हणून सर्व सर्व्हर एकसारखे असणे ही या रचनेची मूळ अट असते.

ही अट पाळणे दिसते तितके सोपे नाही. एका सर्व्हरवर कोणीतरी तातडीने एखादी लायब्ररी अद्ययावत करतो, दुसऱ्यावर एखादी सेटिंग हाताने बदलली जाते, तिसरा सर्व्हर सहा महिन्यांनी विकत घेतल्यामुळे त्यावर संचालन प्रणालीची नवी आवृत्ती असते. नोंद कशाचीच राहत नाही. कालांतराने दहा सर्व्हरचे दहा स्वभाव तयार होतात आणि दहापैकी एकाच सर्व्हरवर उद्भवणारा दोष शोधणे अत्यंत कष्टाचे होते, कारण पृष्ठ पुन्हा उघडताच विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे जाते आणि सारे सुरळीत दिसते. ‘माझ्या संगणकावर तर चालते’ हे विकासकांच्या तोंडचे प्रसिद्ध वाक्य याच विसंगतीतून आलेले आहे.

एकसारखेपणा मोडल्यास काय होऊ शकते याचे सर्वांत परिचित उदाहरण वेबचे नसून शेअर बाजाराचे आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली संस्थेने बाजारात सौदे पाठवणाऱ्या आपल्या प्रणालीची नवी आवृत्ती वापरात आणली. ही प्रणाली ८ सर्व्हरवर चालत असे आणि नवी आज्ञावली प्रत्येक सर्व्हरवर हाताने चढवली जाई. त्यांपैकी एका सर्व्हरवर ती चढवायची राहून गेली व दुसऱ्या कोणी ते पडताळले नाही. नव्या आवृत्तीने एका जुन्या खुणेला नवा अर्थ दिला होता. आठव्या सर्व्हरवर मात्र त्या खुणेचा जुना अर्थ जाणणारी, कित्येक वर्षे न वापरलेली आज्ञावली शिल्लक होती. बाजार उघडताच ती जागी झाली आणि थांबण्याची सूचना न मिळाल्याने सौदे पाठवतच राहिली. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाच्या २०१३ मधील आदेशानुसार सुमारे ४५ मिनिटांत १५४ समभागांमध्ये ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि संस्थेला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. दोष शोधण्याच्या धावपळीत उरलेल्या ७ सर्व्हरवरील नवी आज्ञावली काढून टाकण्यात आली, त्यामुळे तोच दोष तेथेही सुरू झाला. पुढील वर्षी ही संस्था दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

पूर्वीची रूपे

लिनक्स वितरणांनी पॅकेज ही कल्पना १९९० च्या दशकातच रुळवली होती. डेबियनचे डेब आणि रेड हॅटचे आरपीएम या स्वरूपांत प्रोग्रामच्या फाइलींबरोबर तो कोणत्या इतर पॅकेजांवर अवलंबून आहे याची यादी असते आणि ती पॅकेजे सर्व्हरवर आपोआप आणली जातात. या पद्धतीत एक लायब्ररी संपूर्ण सर्व्हरवर एकदाच बसते आणि सर्व प्रोग्राम ती वाटून घेतात. जागा वाचते व सुरक्षेची दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते. पण एका ॲप्लिकेशनला लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी आणि दुसऱ्याला नवी, असे झाले की दोघांना एका सर्व्हरवर नांदवणे कठीण होते.

खास वेबसाठी आखलेले पॅकेज जावाच्या जगात प्रथम स्थिरावले. १९९९ च्या सर्व्हलेट २.२ या विनिर्देशाने वॉर फाइलची रचना ठरवून दिली. वॉर फाइल ही वस्तुतः झिप स्वरूपाची फाइल असते. तिच्यातील वेब-इन्फ या विशिष्ट फोल्डरमध्ये संकलित आज्ञावली, लायब्रऱ्या आणि ॲप्लिकेशनचे वर्णन करणारी एक्सएमएल फाइल ठेवतात व हा फोल्डर ब्राउझरला थेट मागता येत नाही. टॉमकॅटसारख्या सर्व्हरच्या ठरावीक फोल्डरमध्ये ही फाइल ठेवली की ॲप्लिकेशन सुरू होते. दहा सर्व्हर असतील तर एकच फाइल दहा ठिकाणी ठेवायची. ही सोय तिच्या काळाच्या मानाने फार मोठी होती, परंतु वॉर फाइलमध्ये जावा रनटाइम नसतो, टॉमकॅट नसतो आणि संचालन प्रणालीही नसते. तिन्ही गोष्टी सर्व सर्व्हरवर एकाच आवृत्तीच्या असतील, हे गृहीत धरलेले असते. पुढे स्प्रिंग बूटसारख्या साधनांनी वेब सर्व्हरही जार फाइलमध्येच भरण्याची पद्धत रूढ केली. गठ्ठ्याची सीमा बाहेर सरकवण्याच्या दिशेने ते एक पाऊल होते.

दुसऱ्या टोकाला आभासी यंत्रे होती. ॲमेझॉनची ईसी२ सेवा २००६ मध्ये सुरू झाल्यावर संपूर्ण संचालन प्रणालीसह यंत्राची इमेज बनवून तिच्या हव्या तितक्या प्रती चालवणे सामान्य विकासकाच्या आवाक्यात आले. येथे काहीच गृहीत धरावे लागत नाही. मात्र अशी इमेज कित्येक गिगाबाइटची असते, प्रत्येक प्रत स्वतःचे कर्नेल घेऊन चालते, सुरू होण्यास वेळ घेते, आणि आज्ञावलीतील एका ओळीच्या बदलासाठी सबंध यंत्र नव्याने बांधावे लागते.

कंटेनरचा पाया

कंटेनर ही या दोन टोकांमधली रचना आहे. कंटेनर म्हणजे लहान आभासी यंत्र नव्हे. सर्व्हरच्या कर्नेलवर चालणारी ती एक साधी प्रक्रिया असते. कर्नेल तिला फक्त जगाचा मर्यादित भाग दाखवतो. या कल्पनेचे मूळ १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील सीएचरूट या सोयीपर्यंत मागे नेता येते. तिच्यामुळे एखाद्या प्रक्रियेला विशिष्ट फोल्डर हाच फाइल-व्यवस्थेचा मूळ भाग असल्याचे भासवता येई. २००० मध्ये फ्रीबीएसडीने जेल या नावाने हा अलगपणा वापरकर्ते आणि नेटवर्कपर्यंत वाढवला.

लिनक्समध्ये हे काम दोन सुविधांनी होते. नेमस्पेस या सुविधेमुळे प्रक्रियेला स्वतःची वेगळी फाइल-व्यवस्था, प्रक्रियांची यादी व नेटवर्क दिसते. सी-ग्रुप या सुविधेमुळे ती किती मेमरी आणि प्रोसेसरचा किती वेळ वापरू शकेल यावर मर्यादा घालता येते. सी-ग्रुपचे काम २००६ मध्ये गुगलमधील अभियंत्यांनी सुरू केले आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ या कर्नेलमध्ये ते समाविष्ट झाले. त्याच वर्षी या दोहोंची सांगड घालणारा एलएक्ससी हा प्रकल्प आला. कंटेनर चालवण्याचे तंत्र त्यामुळे डॉकरच्या आधीच उपलब्ध होते, पण ते प्रामुख्याने प्रणाली प्रशासकांच्या हातातले हत्यार होते. कंटेनरमध्ये काय भरायचे आणि भरलेले दुसऱ्यापर्यंत कसे पोहोचवायचे, याचे सर्वमान्य उत्तर नव्हते.

डॉकर

ते उत्तर डॉटक्लाउड या कंपनीच्या सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतील सांता क्लारा येथे भरलेल्या पायकॉन परिषदेत, पाच मिनिटांच्या छोट्या भाषणात मांडले. डॉकर हा प्रकल्प त्याच महिन्यात मुक्त स्रोत म्हणून खुला झाला आणि वर्ष संपण्यापूर्वी कंपनीनेही त्याचेच नाव घेतले. डॉकर याचा इंग्रजीतील अर्थ गोदी कामगार असा आहे. हे रूपक मालवाहतुकीतून उचललेले आहे: १९५० च्या दशकापासून ठरावीक मापाच्या पोलादी पेट्यांनी जहाजवाहतूक बदलून टाकली, कारण पेटीत काय आहे याच्याशी यारीला, जहाजाला किंवा ट्रकला देणेघेणे उरले नाही. न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर अशा पेट्यांच्या रांगा रोजच दिसतात. सॉफ्टवेअरमध्येही तेच साधायचे होते. आत पायथॉन असो, रुबी असो वा जावा, बाहेरून सुरू करणे, थांबवणे आणि हलवणे सारखेच असावे.

डॉकरची खरी भर कंटेनर चालवण्यात कमी आणि इमेज बनवण्याच्या व वाटण्याच्या पद्धतीत अधिक होती. आपल्या ॲप्लिकेशनच्या मूळ आज्ञावलीशेजारी विकासक डॉकरफाइल नावाची साधी मजकूर फाइल लिहितो. कोणत्या पायाभूत इमेजपासून आरंभ करायचा, कोणत्या फाइली आत घ्यायच्या, कोणत्या आज्ञा चालवायच्या आणि शेवटी कोणता प्रोग्राम सुरू करायचा, हे तिच्यात क्रमाने नमूद असते. सर्व्हर कसा उभा केला हे पूर्वी प्रशासकाच्या स्मरणात असे; आता ते आज्ञावलीबरोबर जतन होऊ लागले.

इमेजची रचना

कंटेनर इमेज ही एकसंध फाइल नसून एकावर एक रचलेल्या थरांची मालिका असते. फाइल-व्यवस्थेत बदल करणारी डॉकरफाइलमधील प्रत्येक सूचना एक थर तयार करते. त्या थरात फक्त आधीच्या स्थितीपेक्षा वेगळ्या झालेल्या फाइली असतात. चालवताना हे सर्व थर एकत्र करून एकच फाइल-व्यवस्था असल्याचा आभास निर्माण केला जातो; लिनक्समध्ये हे काम आज सहसा ओव्हरलेएफएस करते. सर्वांत वर लिहिता येण्याजोगा एक रिकामा थर असतो. चालू ॲप्लिकेशनने केलेले बदल या थरात जातात आणि कंटेनर काढून टाकला की त्याच्याबरोबर नाहीसे होतात.

थरांमुळे दोन गोष्टी साधतात. पहिली म्हणजे बचत. एका सर्व्हरवर डेबियनच्या पायावर बांधलेली वीस ॲप्लिकेशने असली तरी पायाचा थर एकदाच साठवला जातो, आणि नवी आवृत्ती आली की केवळ बदललेले थर नेटवर्कवरून आणले जातात. दुसरी म्हणजे बांधणीचा वेग. ज्या सूचनेत व तिच्या आधीच्या सूचनांत बदल झालेला नाही, तिचा थर पुन्हा बनवावा लागत नाही. म्हणून अनुभवी विकासक लायब्रऱ्यांची यादी आधी आत घेतात, लायब्रऱ्या बसवतात आणि रोज बदलणारी स्वतःची आज्ञावली शेवटी घेतात. हा क्रम उलटा झाला तर एक स्वल्पविराम बदलल्यावरही शेकडो लायब्रऱ्या नव्याने उतरवल्या जातात.

थरांचा एक परिणाम नवशिक्यांच्या सहज लक्षात येत नाही. एका थरात घेतलेली फाइल पुढच्या सूचनेने पुसली तर ती दिसेनाशी होते, पण जात नाही. वरच्या थरात फक्त ‘ही फाइल नाही असे समजावे’ अशी खूण ठेवली जाते आणि खालच्या थरात मूळ फाइल तशीच राहते. बांधणीच्या वेळी आत घेतलेला आणि नंतर काळजीपूर्वक पुसलेला पासवर्ड त्यामुळे इमेज मिळालेल्या कोणालाही थर उलगडून वाचता येतो. यावरचा एक उपाय बहुटप्पी बांधणी हा आहे, जी डॉकरमध्ये २०१७ पासून उपलब्ध आहे. पहिल्या टप्प्यात कंपायलर आणि इतर अवजारे वापरून ॲप्लिकेशन तयार करतात व दुसऱ्या, कोऱ्या टप्प्यात केवळ तयार झालेल्या फाइली उचलून घेतात. अंतिम इमेजमध्ये पहिल्या टप्प्याचा मागमूस उरत नाही. तिचा आकारही त्यामुळे बराच घटतो. बांधणीदरम्यान लागणारे पासवर्ड थरात न उमटवता तात्पुरते पुरवण्याची स्वतंत्र सोयही नंतर आली.

टॅग आणि डायजेस्ट

तयार इमेज रजिस्ट्री नावाच्या भांडारात ठेवतात आणि सर्व सर्व्हर ती तेथून घेतात. डॉकर हब ही सर्वांत परिचित सार्वजनिक रजिस्ट्री आहे. अनेक संस्था स्वतःची खासगी रजिस्ट्री चालवतात. इमेजला नाव आणि टॅग असतो. टॅग ही चिकटवलेली चिठ्ठी असते व ती केव्हाही काढून दुसऱ्या इमेजला लावता येते. ‘लेटेस्ट’ हा टॅग तर नावामुळेच फसवा आहे. टॅग न दिल्यास आपोआप लागणारी ती चिठ्ठी असते आणि तिच्याखालची इमेज सर्वांत नवी असेलच असे नाही. सोमवारी सुरू झालेल्या सर्व्हरने व गुरुवारी सुरू झालेल्या सर्व्हरने ‘लेटेस्ट’ मागितले, तर दोघांवर भिन्न आज्ञावली चालू शकते, म्हणजे पॅकेजिंग करूनही मूळ अडचण परत येते.

याला उत्तर डायजेस्ट हे आहे. इमेजमधील मजकुरावरून एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने ६४ चिन्हांची एक ओळख काढली जाते. मजकुरात एका बिटचा फरक पडला तरी ही ओळख बदलते. डायजेस्टने मागितलेली इमेज सर्व सर्व्हरवर तंतोतंत एकच असते, आणि आठव्या सर्व्हरवर काय चालू आहे हा प्रश्न दोन ओळींची तुलना करून सुटतो.

याच कारणास्तव इमेज एकदाच बांधून चाचणीपासून प्रत्यक्ष वापरापर्यंत तीच पुढे नेण्याचा प्रघात आहे. प्रत्येक ठिकाणी नव्याने बांधल्यास बांधणीच्या क्षणी इंटरनेटवर जे उपलब्ध असेल ते आत येते. २२ मार्च २०१६ रोजी जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारातून लेफ्ट-पॅड ही अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने काढून घेतली, तेव्हा तिच्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी काही तास अडून राहिली. आधीच बांधून ठेवलेल्या पॅकेजांना मात्र या घटनेची झळ पोहोचण्याचे कारण नव्हते.

पॅकेजबाहेरच्या गोष्टी

तीच इमेज चाचणीच्या व प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर चालायची असेल, तर ठिकाणानुसार बदलणाऱ्या गोष्टी तिच्याबाहेर असणे ओघानेच येते. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, बाह्य सेवांच्या किल्ल्या या गोष्टी इमेज सुरू करताना बाहेरून दिल्या जातात. हेरोकू या सेवेच्या अनुभवावर आधारलेल्या २०११ मधील ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या मार्गदर्शक तत्त्वांनी अशी माहिती पर्यावरण चलांतून देण्याचा पुरस्कार केला व तो व्यापकपणे स्वीकारला गेला. पासवर्डांच्या बाबतीत ही पद्धत निर्दोष नाही. दोष नोंदवणारी साधने पुष्कळदा सर्व पर्यावरण चले नोंदवहीत उतरवून ठेवतात. त्यामुळे गोपनीय माहितीसाठी स्वतंत्र तिजोरीवजा सेवा वापरण्याकडे कल वाढला आहे.

वापरकर्त्यांनी चढवलेली छायाचित्रे, सत्रांची माहिती आणि डेटाबेस यांनाही कंटेनरच्या आत स्थान नसते. कंटेनर कोणत्याही क्षणी बंद करून दुसरीकडे सुरू करता यावा, ही या साऱ्या व्यवस्थेची अपेक्षा आहे. आत साठवलेली फाइल त्या क्षणी हरवते.

भाषा, फाँट आणि वेळ

लहान इमेज लवकर पोहोचते आणि तिच्यात सुरक्षेच्या त्रुटीही कमी असतात, म्हणून पायाभूत इमेज शक्य तितक्या सडपातळ ठेवल्या जातात. अल्पाइन लिनक्सची पायाभूत इमेज दहा मेगाबाइटहूनही लहान असते. या काटकसरीत जे वगळले जाते त्याची झळ इंग्रजीपेक्षा इतर भाषांच्या ॲप्लिकेशनना अधिक लागते, आणि मराठी त्याला अपवाद नाही.

पायाभूत इमेजमध्ये सहसा देवनागरी फाँट नसतो. विकासकाच्या संगणकावर नीट दिसणारे मराठी प्रमाणपत्र किंवा पावती सर्व्हरवर पीडीएफ होताना रिकाम्या चौकटींनी भरते, कारण अक्षरे काढायला आत फाँटच नसतो. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित यांसारखा फाँट इमेजमध्ये स्पष्टपणे बसवावा लागतो. जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी योग्य जागी बसवणारी लायब्ररी नसेल तर फाँट असूनही शब्द मोडके दिसतात.

वर्णक्रमाचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. युनिकोडमध्ये ळ या अक्षराचा क्रमांक ल च्या लगेच नंतर व व च्या आधी येतो. मराठी वर्णमालेत ळ चे स्थान ह नंतर आहे. इमेजमध्ये भाषानिहाय वर्णक्रमाची माहिती असेल तर नावांच्या यादीत ‘सावंत’ आधी आणि ‘साळवी’ नंतर येते. ती माहिती नसेल तर अक्षरांच्या क्रमांकांनुसार क्रम लावला जातो आणि यादी उलटी होते. कोणतीही चूक नोंदवली जात नाही. डेटाबेसच्या बाबतीत हे केवळ दिसण्यापुरते राहत नाही, कारण अनुक्रमणिका याच क्रमावर रचलेली असते. २०१८ मध्ये ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीत वर्णक्रम मोठ्या प्रमाणावर बदलला, तेव्हा पोस्टग्रेसच्या अनुक्रमणिका नव्याने बांधाव्या लागल्या. डेटाबेसच्या कंटेनरची पायाभूत इमेज बदलताना हाच धोका असतो.

वेळेबाबत कंटेनर सहसा यूटीसी पाळतात, जी भारतीय प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटे मागे आहे. १ एप्रिलच्या पहाटे ४ वाजता भारतात नवे आर्थिक वर्ष सुरू झालेले असते, पण कंटेनरच्या लेखी अद्याप ३१ मार्चची रात्र असते. पावतीवरील तारीख प्रणालीच्या वेळेवरून छापली जात असेल तर तिचे वर्षच चुकते. नोंदी यूटीसीमध्ये ठेवून दाखवताना त्या भारतीय वेळेत रूपांतरित करणे हा रूढ मार्ग आहे; त्यासाठी लागणारी वेळ-विभागांची माहितीही काही सडपातळ इमेजमध्ये वेगळी बसवावी लागते.

अनेक सर्व्हरवर प्रसार

इमेज रजिस्ट्रीत आल्यावर ती कोणत्या सर्व्हरवर, किती प्रतींत चालवायची हे ठरवणाऱ्या प्रणालीला ऑर्केस्ट्रेटर म्हणतात. २०१४ मध्ये गुगलने खुली केलेली कुबेरनेटिस ही त्यांतील सर्वाधिक प्रचलित प्रणाली होय. ‘या इमेजच्या आठ प्रती चालू असाव्यात’ असे तिला सांगितले जाते आणि प्रत्यक्ष स्थिती तशी राहील याची ती सतत खातरजमा करते. एखादा सर्व्हर बंद पडला तर त्यावरील प्रती दुसरीकडे सुरू होतात. एखादा सर्व्हर अद्ययावत करायचा राहून जाणे ही मानवी चूक येथे संभवत नाही, कारण फाइली हाताने चढवणारा माणूसच साखळीत नसतो.

तरीही नव्या आणि जुन्या आवृत्तींचे सहअस्तित्व टळत नाही. सेवा खंडित होऊ नये म्हणून प्रती एकेक करून बदलल्या जातात, आणि या काळात काही विनंत्या जुन्या आज्ञावलीकडे तर काही नव्या आज्ञावलीकडे जातात. दोघींचा डेटाबेस मात्र एकच असतो. नव्या आवृत्तीने एखाद्या स्तंभाचे नाव बदलले तर जुनी आवृत्ती तत्क्षणी कोलमडते. म्हणून आधी नवा स्तंभ जोडणे, मग दोन्हींत लिहिणे आणि सर्व प्रती बदलल्यानंतरच जुना स्तंभ काढणे असे टप्पे पाडतात. नाइट कॅपिटलच्या घटनेत जुन्या खुणेला नवा अर्थ देण्याऐवजी नवी खूण योजली असती तर आठव्या सर्व्हरला ती बहुधा ओळखताच आली नसती. पॅकेजिंग कितीही चोख असले तरी हा विचार विकासकालाच करावा लागतो.

प्रमाणीकरण

डॉकरची लोकप्रियता वाढल्यावर एकाच कंपनीच्या स्वरूपावर साऱ्या उद्योगाने विसंबण्याविषयी चिंता व्यक्त होऊ लागली. जून २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपन कंटेनर इनिशिएटिव्हची स्थापना झाली आणि जुलै २०१७ मध्ये इमेजच्या व ती चालवण्याच्या विनिर्देशांची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. याचा लाभ २०२२ मध्ये दिसला. कुबेरनेटिसने १.२४ या आवृत्तीत डॉकरला जोडणारा स्वतःचा दुवा काढून टाकला, पण डॉकरने बांधलेल्या इमेज इतर प्रणालींवर विनाबदल चालत राहिल्या.

मर्यादा व सुरक्षा

प्रत्येक पॅकेजने आपला परिसर बरोबर नेण्याची किंमत दुरुस्तीच्या वेळी मोजावी लागते. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड ही त्रुटी सापडली तेव्हा सामायिक लायब्ररी वापरणाऱ्या सर्व्हरवर एक पॅकेज अद्ययावत करून सेवा पुन्हा सुरू करणे पुरे होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीत गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा ती लायब्ररी असंख्य जार, वॉर आणि कंटेनर इमेजच्या पोटात, कधी एकात एक अशा गठ्ठ्यांत दडलेली होती. बऱ्याच संस्थांना दुरुस्तीपेक्षा शोधालाच अधिक वेळ लागला. इमेजच्या घटकांची यादी बांधणीच्या वेळीच तयार करून ठेवण्याच्या प्रथेला या घटनेने मोठी चालना दिली. धूळ खात पडलेली जुनी इमेज आपोआप सुरक्षित होत नाही. पाया अद्ययावत करून ती ठरावीक काळाने पुन्हा बांधावी लागते.

कंटेनरांतील भिंत आभासी यंत्राइतकी जाडही नसते, कारण सर्व कंटेनर एकच कर्नेल वापरतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झालेल्या रनसीमधील त्रुटीमुळे दुष्ट हेतूने बनवलेल्या कंटेनरला यजमान सर्व्हरचा ताबा मिळवणे शक्य झाले होते. परस्परांवर विश्वास नसलेल्या ग्राहकांची ॲप्लिकेशने एकत्र चालवणाऱ्या सेवा म्हणूनच कंटेनरभोवती हलके आभासी यंत्र उभारतात.

इमेज ‘कुठेही चालते’ या म्हणण्यालाही अट आहे. तिच्यातील आज्ञावली विशिष्ट प्रोसेसरसाठी संकलित केलेली असते. २०२० च्या अखेरीस ॲपलने एआरएम रचनेचे संगणक बाजारात आणल्यावर विकासकाच्या लॅपटॉपवर बांधलेली इमेज इंटेल रचनेच्या सर्व्हरवर सुरूच न होण्याचे प्रकार पुष्कळ वाढले. एका नावाखाली दोन्ही रचनांच्या इमेज ठेवण्याची तरतूद विनिर्देशात आहे, पण त्या दोन्ही बांधाव्या लागतात. एक-दोन सर्व्हरवर चालणाऱ्या, क्वचित बदलणाऱ्या संकेतस्थळासाठी ही सारी यंत्रणा अनेकदा अनाठायी ठरते. गो भाषेत लिहिलेले ॲप्लिकेशन सर्व लायब्रऱ्यांसह एकाच स्वयंपूर्ण फाइलमध्ये संकलित करता येते; ती फाइल सर्व्हरवर नेऊन ठेवणे आणि सिस्टीमडीच्या साहाय्याने चालू ठेवणे एवढ्यावर कित्येक सेवा वर्षानुवर्षे चालतात.